चमकीची नेलपेंट: काढण्याची सोय लावतानाच करा

चमकीची नेलपेंट लावायला दहा मिनिटं आणि काढायला अर्धा तास, वर बोटं लाल आणि नखं खरखरीत. ही तक्रार करणाऱ्यांची चूक बहुधा लावतानाच झालेली असते. उरलेली चूक एकच: घासणं.

कारण कळलं की पुढच्या पायऱ्या आपोआप पटतात. साध्या नेलपेंटचा वाळलेला थर मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा असतो. रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने तो विरघळतो आणि कापसावर उतरतो. चमकी म्हणजे बहुतेक वेळा पॉलिस्टरच्या अतिशय पातळ फिल्मचे कापलेले तुकडे, वरून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले. अ‍ॅसिटोनमध्ये पॉलिस्टर विरघळत नाही. कापूस घासला की चमकीभोवतीचा थर थोडा सुटतो, कापसाचे तंतू चमकीच्या कडांना अडकतात, आणि तोवर अ‍ॅसिटोन उडून गेल्यामुळे सगळं पुन्हा नखावर चिकटून बसतं. म्हणून मार्ग दोनच. नखाला लागून असा थर द्यायचा की जो वरच्या सगळ्यासकट सोलून निघेल. नाहीतर अ‍ॅसिटोन उडू न देता थर पुरता मऊ होईपर्यंत थांबायचं आणि चमकी एका ओढीत काढायची.

आधी ठरवा: किती दिवस ठेवायची आहे?

हे बाटली उघडण्याआधी ठरवायचं, कारण पहिला थर त्यावर अवलंबून आहे.

एखाद्या लग्नापुरती, गॅदरिंगपुरती, फोटोंपुरती हवी असेल तर सोलून निघणारा बेस घ्या. आठवडाभर टिकायला हवी असेल तर नेहमीचा बेस कोट लावा आणि काढताना फॉइल वापरायची तयारी ठेवा. तिसरा पर्याय फार कोणी विचारात घेत नाही, पण मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: आठ बोटांना साधा रंग आणि फक्त दोन्ही अनामिकांना चमकी. दिसतं छान आणि काढायचं काम दोन नखांपुरतं उरतं.

सावधान: पार्लरमध्ये दिव्याखाली हात ठेवून पक्की केलेली चमकी ही जेल असते. खालची कृती तिच्यासाठी नाही. ती घरी खरवडून किंवा उचकटून काढली तर नखाचे वरचे पापुद्रे सोबत येतात. जिथे लावली तिथेच काढून घ्या.

साहित्य, आणि त्यातले घोळ

रिमूव्हर घेताना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. घटकांमध्ये अ‍ॅसिटोन पहिलं असलेला रिमूव्हर चमकीसाठी हवा. 'अ‍ॅसिटोनविरहित' रिमूव्हर साध्या रंगाला पुरतो. चमकीला तो दुप्पट वेळ घेतो आणि धीर सुटून शेवटी घासणं होतंच. लोकलच्या डब्यात किंवा जत्रेत मिळणारी ती छोटी गोल डबी, ज्यात भिजवलेल्या चकत्या असतात, ती या कामाला निरुपयोगी आहे. एका चकतीत अर्धं नखही होत नाही.

कापूस शक्यतो दाबलेल्या चकत्यांचा घ्या. वाती वळायचा मोकळा कापूस चालतो, पण त्याचे तंतू चमकीत अडकतात आणि नख केसाळ दिसायला लागतं. पोळ्या गुंडाळायची फॉइल घरात असतेच. शिवाय टूथपिक, नेल फाइल, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, मेकअप लावायचा स्पंज किंवा भांडी घासायच्या नव्या कोऱ्या स्पंजचा कापलेला तुकडा, आणि अंथरायला जुना वर्तमानपत्राचा कागद.

प्लॅस्टिकच्या ट्रेवर किंवा पॉलिशच्या लाकडी टेबलावर हे काम करू नका. अ‍ॅसिटोनचा थेंब पडला की तिथला चकाकीपणा गेलाच. अंगठ्या, नकली मोत्यांच्या बांगड्या, प्लॅस्टिकचं घड्याळ आधी काढून ठेवा.

१. नखं कोरडी आणि तेलविरहित करा

जुना रंग काढा, नखं कापा, कडा फाइलने एकाच दिशेने घासून गुळगुळीत करा. मागेपुढे करवत चालवल्यासारखं घासलं की नखाच्या टोकाला पापुद्रे सुटतात आणि नेलपेंट तिथूनच उचलली जाते.

हात पाण्यात भिजवून लगेच नेलपेंट लावायची सवय असेल तर ती सोडा. नख पाणी शोषून किंचित फुगतं. वाळल्यावर पुन्हा आकसतं, पण तोवर वरचा थर कडक झालेला असतो, आणि मग टवके उडतात. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यानंतर तासभर तरी जाऊ द्या.

शेवटी कापसावर रिमूव्हरचे दोन थेंब घेऊन प्रत्येक नख पुसा, रंग नसला तरीही. हाताला लावलेलं क्रीम, डोक्याला लावलेलं तेल, मेंदीनंतर चोळलेलं नीलगिरीचं तेल, हे सगळं नखावर राहिलेलं असतं.

लग्नघरात क्रम चुकतो तो इथेच. जुनी नेलपेंट मेंदीच्या आधी काढा. मेंदी रंगल्यावर बोटं रिमूव्हरमध्ये गुंडाळून बसण्यात काही अर्थ नाही. नवी चमकी हळद उतरल्यानंतर लावा. हळदीआधी लावली तर वरचा पारदर्शक थर पिवळा पडतो आणि चंदेरी चमकी कळकट दिसते.

तपासा: नखावर बोट फिरवा. घसरलं तर तेल आहे, पुन्हा पुसा. थोडं अडखळलं तर पुढे जा.

२. पहिला थर: इथेच सगळं ठरतं

*सोलून निघणारा बेस.* दुकानात 'पील ऑफ बेस कोट' म्हणून तयार मिळतो. तो नसेल तर घरातलं पांढरं फेविकॉल, हस्तकलेसाठी मुलं वापरतात ते एमआर, चालतं. दोन भाग फेविकॉलला एक भाग पाणी एका वाटीत मिसळा आणि जुन्या, स्वच्छ केलेल्या नेलपेंटच्या ब्रशने नखावर पातळ थर द्या. आधी दुधाळ दिसतो, मग काठाकडून पारदर्शक होत जातो. मधोमध पांढरा ठिपका दिसतोय तोवर थांबा. घाई करून वर रंग लावला तर आतलं पाणी कोंडतं आणि पूर्ण थर जेलीसारखा हलत राहतो. पावसाळ्यात याला सहज वीस मिनिटं लागतात.

बहुतेकांचा हा प्रयोग फसतो तो एका बारकाव्यामुळे: फेविकॉल पूर्ण नखभर हवं, कडेपासून कडेपर्यंत, आणि वरची नेलपेंट त्याच्या किंचित आत राहायला हवी. रंग फेविकॉलच्या बाहेर कोऱ्या नखावर गेला तर तेवढी कड घट्ट धरते आणि सोलताना नखालाही ओढते. ब्रश एकदा नखाच्या टोकाच्या धारेवरूनही फिरवा.

सावधान: फेविकॉल म्हणजे फेविक्विक नव्हे. ते झटपट चिकटणारं रसायन नखावर किंवा कातडीवर कधीही लावू नका. नखाभोवती चीर, जखम किंवा नखुरडं असेल तर फेविकॉलही नको. पहिल्यांदा वापरताना एकाच नखावर लावून दिवसभर थांबा. खाज किंवा लाली आली तर विषय तिथेच संपला.

*नेहमीचा बेस कोट.* आठवडाभर ठेवायची असेल तर हा. एक पातळ थर आणि पाच मिनिटं. हा वगळू नका, कारण गडद रंग आणि चमकी थेट नखावर बसली की नख पिवळट होतं.

३. चमकीखाली त्याच छटेचा साधा रंग

चमकीच्या बाटलीत पारदर्शक द्रव जास्त आणि चमकी कमी असते. नख झाकायचं म्हणून लोक तीन-तीन, चार-चार थर देतात, आणि काढताना त्या जाडीशी झगडावं लागतं. त्याऐवजी सोनेरी चमकीखाली सोनेरी किंवा फिकट तपकिरी, लाल चमकीखाली लाल असा साध्या रंगाचा एक थर द्या. मग चमकीचा एकच थर पुरतो, मधल्या फटी दिसत नाहीत.

४. चमकी: ब्रशने ओढू नका, टेकवा

बाटली वापरायच्या दहा मिनिटं आधी उलटी ठेवा, कारण चमकी तळाला बसते. मग दोन तळव्यांमध्ये धरून फिरवा. जोरजोरात हलवली तर हवेचे बुडबुडे होतात आणि तेच नखावर उतरतात.

ब्रशने ओढत लावलं तर चमकी ब्रशबरोबर पुढे सरकते: नखाचं टोक गच्च आणि मूळ बोडकं. ब्रश नखावर टेकवत, ठिपके देत जा.

दाट हवी असेल तर स्पंज घ्या. चमकी स्पंजच्या तुकड्यावर लावा आणि चार-पाच सेकंद थांबा. पारदर्शक द्रव स्पंजमध्ये शोषला जातो, वर नुसती चमकी उरते. ती नखावर दाबून उमटवा. एका दाबात जेवढी चमकी बसते तेवढी ब्रशच्या तीन थरांत बसत नाही, आणि जाडीही कमी राहते. आजूबाजूच्या कातडीवर आधी व्हॅसलीनचं बोट फिरवलं असेल तर तिथली चमकी नंतर कापसाने निघून जाते. व्हॅसलीन नखावर मात्र चढू देऊ नका.

मुळाशी असलेल्या कातडीपासून केसाएवढी जागा मोकळी सोडा. कातडीला चिकटलेली चमकी सर्वात आधी उचकटते आणि ओढणीत, केसांत अडकते.

तपासा: नख तिरकं धरून उजेडात पाहा. षटकोनी मोठे तुकडे कडेबाहेर डोकावत असतील तर ओले असतानाच टूथपिकच्या बोथट बाजूने आत सरकवून दाबा. वाळल्यावर ते वाकत नाहीत, फाइलनेच घासावे लागतात.

५. टॉप कोट दोन वेळा

चमकीचा पृष्ठभाग खडबडीत असतो. एका थराने खड्डे भरत नाहीत. पहिला वाळू द्या, मग दुसरा. टोकाच्या धारेवरूनही ब्रश फिरवा. बोट फिरवल्यावर काही टोचलं नाही म्हणजे झालं.

६. वाळू द्या

पूर्ण वेगातल्या पंख्याखाली हात धरून बसू नका. वरची साय लवकर धरते, आत ओलं राहतं, आणि बुडबुडे किंवा सुरकुत्या येतात. हाताला कोरडं वाटलं तरी जाड थर आतून पुरता वाळायला कित्येक तास घेतो. म्हणून झोपायच्या अर्धा तास आधी चमकी लावली तर सकाळी नखांवर चादरीची नक्षी उमटलेली असते. संध्याकाळी लवकर लावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हवा दमट असेल तर थर पातळ ठेवा. दमट हवेत नेलपेंटवर दुधाळ झाक येऊ शकते.

मधल्या दिवसांत

फेविकॉलच्या बेसवर लावलेल्या चमकीला पाण्याची ॲलर्जी आहे असं समजा. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. कणीक मळणं, भाकरी थापणं, पुरण वाटणं ही कामं तर नकोतच: गरम, ओलं पीठ नखाच्या कडेला शिरतं, बेस सुटतो आणि चमकीचा अख्खा पापुद्रा पिठात जातो. उकडीचे मोदक वळायचे असतील त्या दिवशी चमकी लावूच नये. किंवा मोदक दुसऱ्याला वळायला सांगावेत. सणाच्या दिवशी सांगायला हे कारण वाईट नाही.

बेस कोणताही असो, कड उचलली गेली की ती दाताने किंवा नखाने ओढू नका. फाइलने तेवढीच कड घासा आणि टॉप कोटचा थेंब द्या.

७. सोलून काढणे (फेविकॉलचा किंवा पील ऑफ बेस असेल तर)

टूथपिकची बोथट बाजू नखाच्या बाजूच्या कडेखाली सरकवा. मुळाकडून सुरू करू नका, तिथली कातडी दुखावते. एक कड सुटली की हळूहळू दुसऱ्या कडेकडे उचलत जा. जमून आलं तर अख्खा पापुद्रा नखाच्या आकाराच्या टिकलीसारखा हातात येतो.

अडकलं तर कोमट पाण्यात बोटं दोन-तीन मिनिटं बुडवा, कडेतून पाणी शिरून फेविकॉल मऊ होतं. तरीही एखादी जागा धरून बसली तर ताणू नका. तिथे रंग कोऱ्या नखावर उतरलेला आहे, तेवढ्या नखाला पुढची फॉइलची कृती करा.

८. फॉइलने काढणे (नेहमीचा बेस असेल तर)

आधी जागा निवडा. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघर नको, देवघराजवळ नको, पेटती समई, निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल असलेली खोली नको. दिवाळीत दारात पणत्या लावल्यावर हे काम काढूच नका, दुपारी उरकून घ्या. खिडकी उघडा. लहान मुलं खेळत असतील तिथे बाटली उघडी ठेवू नका.

आता क्रम.

कापसाच्या चकतीचे नखाएवढे तुकडे कापा, दहा. फॉइलचे चार बोटं रुंदीचे दहा चौकोन कापा. हे आधीच करून ठेवा, कारण एक हात गुंडाळल्यावर एका हाताने फॉइल कापणं जमत नाही. बोटाएवढा मोठा कापूस घेऊ नका, उगाच कातडी अ‍ॅसिटोनमध्ये भिजते. फॉइलची चमकदार बाजू आत की बाहेर, याने काही फरक पडत नाही.

फाइलने टॉप कोटवर दोन-चार हलके हात मारा. चकाकी जाऊन पृष्ठभाग धुरकट झाला की पुरे. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा, नखावर नाही. तेलाचा थर असला की अ‍ॅसिटोन आत पोचत नाही.

तुम्ही उजवे असाल तर डावा हात आधी. कापसाचा तुकडा रिमूव्हरने चिंब करा, ठिबकणार नाही इतपत. नखावर ठेवा, फॉइल घट्ट गुंडाळा आणि टोक दुमडून दाबा. फॉइलचं काम एवढंच की अ‍ॅसिटोन उडू नये. सैल गुंडाळलं तर दहा मिनिटांनी कापूस कोरडा आणि चमकी जशीच्या तशी.

दोन्ही हात एकदम गुंडाळू नका. दाराची बेल वाजली तर काय कराल?

दहा मिनिटं थांबा. हात थंड पडले असतील तर गुंडाळलेला हात दुसऱ्या हाताने धरून ठेवा, अंगाच्या उबेने काम लवकर होतं. हेअर ड्रायर, गॅस, गरम तवा यांच्या वाऱ्याला जाऊ नका.

दहा मिनिटांनी फक्त पहिलं बोट. फॉइल उघडायच्या आधी अंगठ्याने वरून दाबा, कापूस नखावर डावी-उजवीकडे दोन वेळा किंचित फिरवा आणि दाब न सोडता टोकाच्या दिशेने एका ओढीत फॉइलसकट काढा. चमकी कापसावर दाट पट्ट्यासारखी उतरलेली दिसेल.

तपासा: नखावर तुरळक तुकडे राहिले असतील तर तोच कापूस उलटा करून, दोन थेंब टाकून पुसा. अर्धं नख अजून झाकलेलं असेल तर बाकीची चार बोटं उघडू नका. याच बोटाला ताजा कापूस लावून पुन्हा तीन-चार मिनिटं गुंडाळा, आणि बाकीच्यांनाही तेवढाच वेळ द्या.

सर्वात जास्त नासाडी इथेच होते: लोक पाचही फॉइल एकदम काढतात. पहिलं नख पुसेपर्यंत बाकीच्या चार नखांवरचं अ‍ॅसिटोन उडून जातं, मऊ झालेला थर पुन्हा कडक होतो आणि मग घासाघीस सुरू. एका वेळी एक बोट.

उजव्या हाताला तीच कृती. डाव्या हाताने थोडं वेडंवाकडं होईल, वेळ जास्त द्या.

सावधान: उरलेली चमकी ब्लेडने, सुरीच्या टोकाने किंवा दुसऱ्या नखाने खरवडू नका. कातडी चुरचुरायला लागली, डोकं जड झालं तर फॉइल काढा, हात धुवा, मोकळ्या हवेत जा.

९. काढून झाल्यावर

हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि नखांना, मुळाशी खोबरेल तेल चोळा. अ‍ॅसिटोन नखातलं तेल आणि ओलावा दोन्ही ओढून घेतं. नखावर पांढरे खडूसारखे डाग दिसले तर घाबरू नका. बहुतेक वेळा तो वरचा थर कोरडा पडलेला असतो, विशेषतः नेलपेंट कित्येक आठवडे तशीच ठेवली असेल तर. काही दिवस नखं मोकळी ठेवून तेल लावत राहा. डाग नखाच्या वाढीबरोबर पुढे सरकले नाहीत, नख जाड किंवा पिवळं होत गेलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यावर नवी चमकी चढवू नका.

वर्तमानपत्रावर सांडलेली चमकी बेसिनमध्ये झटकू नका. ती पॉलिस्टरची आहे, विरघळणार नाही. कागदाची घडी घालून ती आणि अ‍ॅसिटोनचा कापूस पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. पाचोळा जाळायच्या ढिगात हा कापूस चुकूनही नको. फरशीवर, टेबलावर राहिलेली चमकी झाडूने फक्त पसरते. चिकटपट्टी दाबून उचला.

दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली असेल तर आदल्या दिवशीच सगळी चमकी काढा. बोटाला चिमट्यासारखं लावतात ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र नखातून प्रकाश पाठवतं, आणि भूल देणारे डॉक्टर नखाचा रंगही पाहतात.

आणि बाटली घट्ट झाली असेल तर तिच्यात रिमूव्हर ओतू नका. त्याने नेलपेंट बिघडते, नखावर लवकर टवके उडतात. नेलपेंट थिनर मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब टाका, तळव्यात फिरवा आणि झाकण लावण्याआधी बाटलीच्या तोंडावर साचलेली चमकी पुसून घ्या.